ट्रम्पेटवाल्याची मीटिंग

अहो, ऐकलंत का? नाही, आधी ते सूप खाली ठेवा आणि अशा इकडे या, जास्वंदीच्या आडोशाला. तिकडून बोललं की सगळं त्यांच्या स्वयंपाकघरात ऐकू जातं. रविवारच्या मीटिंगला तुम्ही नव्हतात ना! तुम्ही सटाण्याला, भाचीच्या साखरपुड्याला. झाला ना नीट? पेढे कुठले होते? बरं, ते मागाहून सांगा. तुमचं इथे काय हुकलं ते आधी ऐका.

विषय तोच हो, कोपऱ्यावरच्या घरातला मुलगा आणि त्याचं ते ट्रम्पेट. दुपारी दोन ते चार! अख्खी कॉलनी जेवून आडवी झालेली आणि याचं भोंऽऽ सुरू. बरं, गाणं वाजवेल तर तेही नाही. एकच सूर, लांबच लांब, संपला की परत तोच. आमचे हे परवा झोपेतून दचकून उठले आणि म्हणाले, "गाडी आली का गं?" रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, अजून नाशिकरोडच्या फलाटावरच असतात.

तर सेक्रेटरींनी अर्ज टाइप करूनच आणला होता. 'सदर वाद्यामुळे ज्येष्ठ नागरिकांच्या विश्रांतीत व्यत्यय' वगैरे वगैरे. खाली अकरा सह्या. पहिली सही आजींची. कुठल्या आजी ते मी सांगायला नकोच. आणि दुसरी सही... जाऊ दे, दुसरी कुणाची ते ओघात येईलच.

आजी उभ्या राहिल्या, काठी आपटली आणि म्हणाल्या, "ती पिपाणी बंद करा." मुलगा हळूच म्हणाला, "आजी, पिपाणी नाही, ट्रम्पेट आहे." झालं! खजिनदार फिसकन हसले. म्हणाले, "बाबा रे, पिपाणी, तुतारी, ट्रम्पेट हा घोळ आम्हाला नको सांगूस. आपल्या दिंडोरीत २०२४ ला लाखभर मतं निवडणूक चिन्हांच्या त्या घोळात गेलीत!" सगळे हसले. त्या पोराचे कान लाल झाले हो.

आणि त्याची आई! तिचं तोंड बघवत नव्हतं. पदराशी चाळा करत म्हणाली, "मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय हो यानं. सातपूरला चांगली नोकरी होती, शिफ्टचे पैसे वेगळे. सोडून बसलाय. म्हणे जॅझ वाजवायचाय. बिग बँड काढायचाय म्हणे." खजिनदारांना काय, आयतंच मिळालं. "बँडच काढायचा तर लग्नाचा काढ की, तिथी असेल तेव्हा पैसे तरी येतील!"

मी तुम्हाला सांगते, त्या क्षणी त्या मुलाचा चेहरा असा उतरला... आणि तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून आवाज आला, "त्याच्या आयेकपण मेकॅनिकच करायचा होता."

सगळ्यांनी मान वळवली. माई! हळदोण्याच्या माई हो, तेरा नंबरच्या. मीटिंगला येतात, चहा पितात, सही करतात, जातात. बारा वर्षांत मी त्यांच्या तोंडून 'बरं' याच्यापलीकडे काही ऐकलं नव्हतं. सेक्रेटरी म्हणाले, "कुणाच्या आईला?" माई म्हणाल्या, "चिकच्या. चिक चॉकलेटच्या. आमच्या गावचा."

आता तुम्ही तरी सांगा, चिक चॉकलेट म्हटल्यावर कुणाला काय वाटेल? आजींना वाटलं गोळ्याबिस्किटांचं काहीतरी चाललंय. पण अहो, तुम्हाला ठाऊकच असणार, 'अलबेला' बघितलाय ना तुम्ही! त्यात तो बँड नाही का, झालरीच्या बाह्यांचे शर्ट घातलेला? तोच चिक. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६ चा, बार्देशातल्या हळदोण्याचा. आईची इच्छा, पोरानं मेकॅनिक व्हावं, चार पैसे इभ्रतीनं मिळवावेत. आणि पोरगा लहानपणापासून खेळण्यातलं ट्रम्पेट घेऊन गावभर मिरवतोय. आयांचं काय हो, हळदोणं काय नि सातपूर काय, सगळीकडे एकच. मी चोरून त्या मुलाच्या आईकडे पाहिलं. पदराचा चाळा थांबला होता.

माई बोलायला लागल्या त्या थांबेचनात. चिक मुंबईला गेला, आधी 'स्पॉटलाइट्स' नावाच्या बँडमध्ये वाजवायचा, आणि १९४५ पर्यंत ग्रीन्स हॉटेलात स्वतःचा बँड घेऊन उभा! ग्रीन्स म्हणजे ताजला अगदी खेटून होतं ते. पाडलं हो पुढे, त्या जागेवर आता ताजचा उंच टॉवर आहे. आपण गेटवेला जातो, फोटो काढतो, पण तिथे रात्र रात्र काय वाजत होतं याचा आपल्याला पत्ता तरी असतो का?

आणि ऐट केवढी! अमेरिकेत तो लुई आर्मस्ट्राँग नाही का, घोगऱ्या आवाजाचा, ट्रम्पेट वाजवणारा, हातात पांढरा रुमाल? चिकनं तो अस्साच्या अस्सा उचलला. तसंच घोगरं गाणं, मध्येच अर्थ नसलेले बोल फेकणं, आणि रुमालसुद्धा! लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँगच म्हणायचे. खरा आर्मस्ट्राँग पुढे १९६४ ला मुंबईत येऊन वाजवून गेला. माई म्हणाल्या, "आमच्या गावाक तेचं अप्रूप नाय. आमचो चिक होतो मरे." आणि असं म्हणून त्यांनी पर्समधून चक्क पांढरा रुमाल काढून कपाळ टिपलं! मी बघितलं, मुलगा त्या रुमालाकडे देवाकडे बघावं तसा बघत होता.

तर काय सांगत होते... हां, बिग बँड. सेक्रेटरींना शंका आली. म्हणाले, "बिग बँड म्हणजे नेमके किती लोक? नाही, पार्किंगच्या दृष्टीनं विचारतोय." घ्या! मुलगा उठला, हातवारे करून सांगायला लागला. एका रांगेत सॅक्सोफोनवाले, त्यांच्या मागे ट्रॉम्बोन, त्यांच्या मागे ट्रम्पेट, बाजूला पियानो, गिटार, बास, ड्रम. पंधरा-सोळा तरी माणसं. मला तर पंगतच दिसायला लागली डोळ्यांपुढे. एक रांग उचलते, दुसरी तिला उत्तर देते, मग सगळे मिळून एकदम. आणि मध्येच एक जण उभा राहतो नि त्याच्या मनात येईल ते वाजवतो, आपल्याकडे गवई तान घेतो ना, तसं. लिहिलेलं नसतं ते. बाकीचे खाली ठेका धरून बसलेले. आणि पुढारी असतो तो सगळ्यांना आवरतो, कुणाला किती वाढायचं ते त्याच्या हाती. आजी पटकन म्हणाल्या, "म्हणजे वाढपी नव्हे, यजमान." आजी ऐकत होत्या बरं का! काठी मांडीवर आडवी ठेवली होती.

मग माईंनी सगळा ताजचा इतिहास काढला. १९३५ साली लिऑन ॲबी नावाचा अमेरिकेतला काळा व्हायोलिनवाला आपला आख्खा बँड घेऊन ताजमध्ये आला होता. आणि ही मंडळी आपल्या देशात मागल्या दारानं जाणारी, इकडे आली तर ताजच्या बॉलरूममध्ये राजेरजवाडे त्यांच्या तालावर नाचतायत! त्यांच्याच शेजारी बसून, त्यांचं ऐकून आमची गोव्याची मुलं तयार झाली, माई म्हणाल्या. मिकी कोरिया घ्या, १९३९ पासून १९६० पर्यंत ताजमध्ये त्याचाच बँड. एकवीस वर्षं! आपल्याकडे एवढी वर्षं कामवाली टिकत नाही.

आणि ड्यूक एलिंग्टन आला होता तो १९६३ ला. तो तर सगळ्या बिग बँडवाल्यांचा महाराजाच. त्यानं आणि त्याच्या जोडीदारानं, त्या बिली स्ट्रेहॉर्ननं, परत गेल्यावर या दौऱ्यावर आख्खी एक रचना केली, 'फार ईस्ट स्वीट' म्हणून. त्यात एक तुकडा मैनेच्या शिळेवरून सुचलेला! मुलानं लगेच मोबाइलवर लावून दाखवला. क्लॅरिनेट हो, पण हुबेहूब मैना. खजिनदार म्हणाले, "आमच्या खिडकीत रोज ओरडते, आम्हाला नाही कधी काही सुचलं." मी मनात म्हटलं, तुम्हाला मेंटेनन्सच्या थकबाकीखेरीज काय सुचतं!

अहो, पण माझी खरी गंमत पुढेच आहे. आजी एकदम म्हणाल्या, "हे सगळं ठीक. साहेबांचं नाच-गाणं. आपल्याला त्याचं काय? आम्ही अण्णांची गाणी ऐकून वाढलो." अण्णा म्हणजे सी. रामचंद्र. रामचंद्र नरहर चितळकर. आजींचा अभिमान तो, कारण त्यांचं आजोळ पुणतांब्याचं आणि अण्णांचा जन्मही तिथलाच, १९१८ चा. पुणतांबं म्हणजे तसं आपलंच हो! आपण रामकुंडावर आंघोळ करून पाणी सोडतो ते पुढे पुणतांब्याच्याच घाटावर जातं. आजी दरवेळी सांगतात हे. मग विनायकबुवा पटवर्धनांकडे अण्णा कसे शिकले, 'अनारकली', 'आझाद', 'नवरंग' आणि शेवटी आपल्या 'घरकुल'मधली ती मलमली गाणी... सुरूच झाल्या.

माई शांतपणे म्हणाल्या, "हां, आजी. तुमच्या अण्णांचा उजवा हात आमचा चिक."

अहो, शांतता! पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

म्हणजे ते आपल्याला ठाऊक असतं नाही का, पण असं कुणी तोंडावर सांगत नाही. अण्णा पेटी घेऊन बसायचे, चाल बांधायचे. चाल त्यांचीच, त्यात वाद नाही. पण तिथे चाळीस माणसं वाद्यं घेऊन बसलीत, कुणी कधी काय वाजवायचं? व्हायोलिन कुठे शिरणार, ट्रम्पेट कुठे खोडी काढणार, दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत काय भरायचं? आपल्या गवयांचं सगळं तोंडी. आणि या गोव्याच्या मुलांना लहानपणापासून चर्चच्या शाळेत सुरांची लिपी शिकवलेली, ते पाच रेघांवरचे ठिपके. आपण वाणसामानाची यादी वाचतो तसं ते वाचतात. म्हणून मग चिक, सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस ही माणसं प्रत्येक संगीतकाराकडे लागायचीच. दिवसा स्टुडिओत रेकॉर्डिंग, रात्री टाय बांधून हॉटेलात बँड. आणि तो अँथनी गोन्साल्विस म्हणजे आपल्याला वाटतं अमिताभचं पात्र! अहो, खराखुरा माणूस होता, माजोर्ड्याचा. प्यारेलालला व्हायोलिन शिकवलं त्यानं, म्हणून प्यारेलालनं गुरुजींचं नाव त्या १९७७ च्या गाण्यात घातलं. गुरुदक्षिणा! पण देश त्यावर नुसता हसला नि नाचला.

बाकीच्यांची नावं? क्वचित कुठे पडद्यावर, तीही बारीक अक्षरात. आपण तोवर खारे दाणे घ्यायला बाहेर.

माझ्या डोक्यात त्या वेळी काय आलं सांगू? मेतकूट. हसू नका. आमच्या धाकट्या जाऊबाईंचं मेतकूट म्हणजे कॉलेज रोडपासून पार पंचवटीपर्यंत नावाजलेलं, हो की नाही? डाळी त्या आणतात. पण भाजतं कोण? मंद आचेवर एकेक डाळ वेगळी, हरभऱ्याची डाळ किती, गहू किती लालसर, मेथी काळी पडायच्या आत कधी उतरवायची... ते सगळं या हातांनी, वीस वर्षं! चाल त्यांची, भाजणं माझं. आणि लोक बरणी उघडून म्हणतात, "वा, धाकट्या वहिनींचं मेतकूट!" तर माईंचं बोलणं मला अगदी आत जाऊन लागलं. पण मी काही बोलले नाही हो. आपला स्वभावच नाही तो.

तर काय सांगत होते... 'अलबेला'. १९५१. ती तर तिघांची गोष्ट, अण्णा, भगवान आणि चिक. भगवानदादा म्हणजे तुम्हाला ठाऊकच. गिरणी कामगाराचा पोरगा, मारामारीचे स्वस्तातले सिनेमे काढायचा. आणि ती थोबाडीत! १९४२ च्या 'जंग-ए-आझादी'च्या वेळी आपल्या येवल्याच्या ललिताबाईंना, ललिता पवारांना हो, प्रसंगात थोबाडीत मारायची होती, ती या गड्यानं इतक्या जोरात मारली की त्यांचा डोळा कायमचा अधू झाला तो झालाच. नायिका असायची बाई, पुढे जन्मभर सासू. आजी तर अजून त्यासाठी भगवानचं नाव घेत नाहीत. पण गाणं लागलं की पायाचा अंगठा हलतो, मी पाहिलंय.

तर हा भगवान आणि अण्णा जुने दोस्त. मद्रासकडे तामिळ सिनेमे केलेले दोघांनी. राज कपूर म्हणाला म्हणे, अरे, मारामाऱ्या पुरे, एक सामाजिक चित्रपट काढ. यानं काढला. नायिका गीता बाली, नायक स्वतः, तो असा गोलमटोल! सगळ्यांनी वेड्यात काढलं. आणि गाणी अशी लागली की थिएटरात लोक पडद्यावर पैसे फेकत. भगवानसाठी गळा अण्णांचाच, 'चितळकर' या नावानं. आणि वाद्यमेळात बोंगो काय, क्लॅरिनेट काय, सॅक्सोफोन काय, चिकचं ट्रम्पेट काय! त्याआधी १९४७ च्या 'शहनाई'त तो संडेचा धिंगाणा, १९५० च्या 'समाधी'त गोऱ्या छोऱ्याचं ते, चाल मूळ परदेशातली, एका 'चिको चिको'वरून घेतलेली. आता चिको आणि चिक! माई म्हणाल्या, "नावातच असतं." आणि 'आशा'मधलं १९५७ चं ते इना-मिना... त्यातलं माका-नाका तर सरळ सरळ कोंकणी! अण्णांचा गोव्याचा साहाय्यक होता जॉन गोम्स, त्यानं गमतीत टाकलं म्हणतात. 'मला नको' हो. अख्खा देश साठ-सत्तर वर्षं 'मला नको, मला नको' म्हणत नाचतोय आणि कुणालाच माहीत नाही. हे ऐकल्यावर खजिनदारांचा चेहरा बघायला हवा होतात. त्यांच्या लग्नात वरातीला तेच वाजलं होतं. म्हणाले, "देवाचा संकेतच म्हणायचा तो." त्यांच्या सौभाग्यवतींनी असं पाहिलं की... त्या दिवशी घरी काही शिजलं नसणार.

यावरून माझ्या एक लक्षात आलं बघा. मघा खजिनदार म्हणाले ना, लग्नाचा बँड काढ म्हणून? अहो, लग्नाच्या बँडात तरी काय असतं? तीच गाणी, तीच ट्रम्पेटं, तीच मधली खोडी. ताजच्या बॉलरूममधून निघून चिकचं वाजवणं आपल्या मेन रोडवरच्या वरातीपर्यंत आलंय. नवरदेव घोड्यावर, त्याला ना जॅझचं न्यू ऑर्लिन्स ठाऊक ना हळदोणं. पण वाजतंय तेच.

हॉटेलांत बँड वाजायचे ते दिवस चांगले होते, माई म्हणाल्या, पण तुमच्या मोरारजींनी दारू बंद केली. १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा. आता आपण काही दारूच्या बाजूचे नाही, पण हॉटेलात रात्री माणूसच येईना म्हटल्यावर बँड कुणापुढे वाजणार? मग ही सगळी मंडळी आणखीच सिनेमाकडे वळली. म्हणजे आपल्या गाण्यांत जी बहार आहे ना, त्यात थोडा मोरारजीभाईंचाही हात आहे म्हणायचा. त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांचाच चेहरा पडला असता!

चिकनं 'अलबेला'च्याच वर्षी, १९५१ ला, एका सिनेमाला स्वतःच्या नावानंही संगीत दिलं. 'नादान'. देव आनंद आणि मधुबाला, आणखी काय हवं? पण नाव काही अण्णांसारखं झालं नाही. सगळ्यांचं होत नाही हो. आणि नाव झालं तरी काय! भगवानचंच बघा. जुहूला समुद्रावर पंचवीस खोल्यांचा बंगला, वारागणिक एक अशा सात गाड्या, असं सांगतात. पुढचे सिनेमे आपटले, एकेक करत सगळं गेलं आणि गडी परत दादरच्या चाळीत. तिथेच २००२ ला गेला. पण गणपतीची मिरवणूक त्या चाळीखाली आली की थांबायची, 'अलबेला'तलं गाणं वाजवायची आणि मग पुढे जायची. तो वरून हात हलवायचा. बाप्पा थांबायचे हो त्याच्यासाठी, आणखी काय हवं माणसाला?

हे झालं आणि मग त्या मुलानं विचारलं, "आणि चिकचं काय झालं शेवटी?"

माई जरा थांबल्या. म्हणाल्या, "१९६७ च्या मे महिन्यात गेला. पन्नाशी जेमतेम. शवपेटीला खांदा द्यायला सिनेमातले मोठमोठे वाजवणारे होते. आणि छातीवर ट्रम्पेट ठेवलं होतं त्याचं."

कुणी काही बोललं नाही. सेक्रेटरींच्या हातात तो अर्ज. ते उगाचच त्याची घडी घालत होते, उघडत होते. मुलाच्या आईनं पदर डोळ्यांना लावला, पण मघासारखा नाही, वेगळा. ते आपल्याला कळतं.

आणि तेवढ्यात आजी. म्हणाल्या, "माई, तो अंगाईचा सूर... निजेला बोलवायचं ते गाणं... तेही 'अलबेला'तलंच ना गं?"

"होय आजी."

"तेव्हाही तोच असेल ना, तुमचा तो? मांडणी करायला?"

"असणारच की."

आजी म्हणाल्या, "दोन्ही मुलांना मी तेच म्हणून निजवलं. मला वाटायचं आपल्या घरचंच आहे." मग काठी टेकत त्या मुलापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "ते वाजवता येतं का तुला?"

मुलगा गडबडला. म्हणाला, "नाही आजी. अजून नुसते लांब सूरच चाललेत. ओठ बसायला लागतात आधी, दम साठायला लागतो. रोज तासभर एकेक सूर धरायचा. तोच त्रास होतोय सगळ्यांना."

"किती दिवस?"

"सहा-आठ महिने तरी. मग येईल."

आजींनी हिशेब केला. त्यांचं वय तुम्हाला ठाऊकच आहे. सगळे श्वास धरून. मला वाटलं आता या गहिवरतात. छे! आजी त्या. म्हणाल्या, "दोन ते चार मी झोपणार म्हणजे झोपणार. चार वाजल्यापासून वाजव. आणि सहा महिन्यांत बसव, आठ नकोत." सेक्रेटरींकडे वळून म्हणाल्या, "माझी सही काढा त्यावरून."

तर असं झालं. अर्ज बारगळला. खजिनदार 'नियमानुसार पुन्हा ठराव' वगैरे काहीतरी पुटपुटत होते, त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "मला नको!" आणि सगळी मीटिंग फुटली.

आता तुम्ही विचाराल, दुसरी सही कुणाची? विचारूच नका. म्हणजे... सांगते. माझी. हो! सेक्रेटरी शुक्रवारी कागद घेऊन आले, मी आपली पीठ मळत होते, म्हटलं द्या इकडे. पिठाच्या हातानं केली हो सही. आणि मीटिंगमध्ये बसल्या बसल्या मला काय वाटलं सांगू? रेशनकार्डावर ह्यांचं नाव, लाइटबिल ह्यांच्या नावाचं, मेतकूट जाऊबाईंच्या नावाचं, पत्रिकेत आपण 'आपले नम्र'मध्ये कुठेतरी शेवटी. या कॉलनीत माझं नाव म्हणून पहिल्यांदा कुठे टाइप झालं, तर ते एका पोराचं वाजवणं बंद करायच्या अर्जावर! नाही बाई. ते काही बरं नाही. मी सेक्रेटरींना गाठलं, म्हटलं दुसरीही काढा. ते म्हणाले, "अहो, आता अर्जच रद्द झालाय." मी म्हटलं, असू दे, तरी काढा. माझ्यासमोर खोडा. खोडली त्यांनी.

आणि हे घ्या. तुमच्यासाठीच आणलं होतं, बोलण्याच्या नादात विसरलेच. कालच दळून आणलंय. बरणीवर चिठ्ठी चिकटवलीय बघा, चष्मा लावून वाचा. होय, माझंच नाव. जाऊबाईंना एक बरणी सकाळीच पाठवली, चिठ्ठीसकट. फोन नाही आला अजून. येईल... येऊ दे.

किती वाजले हो? चार? थांबा, श्श... ऐकलंत का? तोच सूर. पण परवापेक्षा जरा सरळ लागलाय, नाही?